हरिचंद्राची लेक

२०२३ सालच्या माघात काशी माहेरी, बदलापूर गावात, भावाच्या ओट्यावर बसली होती. नातीच्या, रिद्धीच्या मोबाइलवर तिने बोट ठेवलं. पडद्यावर एक बाण होता आणि त्याखाली तिच्या आईचं नाव. आई धवलारीण, आसपासच्या गावांतली लग्नं तिने गायलेल्या धवल्यांनी लागत. कुणाच्या तरी माळ्यावर तिची कॅसेट सापडली आणि भाचा दिपेशने ती गावच्या वेबसाइटवर चढवली. आई गेल्यापासून काशीने तो आवाज ऐकला नव्हता.

आवाज आला नाही. 'आधी साइन इन करा,' असं आलं. रिद्धीने आजीचा नंबर टाकला. नंबर नोंदलेला नाही, असं उत्तर आलं.

दिपेश आतून आला. बघायला सगळ्यांना मोकळं आहे, पण बटण दाबायला गावच्या घरातलंच माणूस हवं, असं त्याने समजावलं. नाहीतर डीजेवाले गाणी उचलून नेतात. नावं त्याने गावच्या वर्गणीवरून घेतली होती. वर्गणीत सुना धरतात, दिलेल्या लेकी धरत नाहीत.

"आते, तू आता सोनिवलीची ना," तो हसत म्हणाला.

"तिथं मला अजून बदलापूरवाली म्हणतात."

दिपेशचं हसू ओसरलं.

त्याची बायको जिज्ञासा चहा घेऊन आली. लग्न होऊन ती नुकतीच उल्हासनगरहून या घरात आलेली. तिने आपला मोबाइल पुढे केला, माझ्यावरून ऐका म्हणाली. काशीने तो हलकेच परत दिला.

"तुझ्या नावानं नको गं. माझी आय हाय ती."

दिपेश चहा तसाच ठेवून लॅपटॉपपाशी जाऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने आतून हाक मारली, आता टाक म्हणून. रिद्धीने पुन्हा नंबर टाकला. 'या, काशी. हरिचंद्राची लेक.' मग काशीने बाण दाबला. खरखर झाली, आणि त्या खरखरीतून आईने पहिली ओळ उचलली.

पुढे दिपेशने घरोघरच्या लेकी नोंदवल्या. कितीतरी जणी सत्तरीपलीकडच्या निघाल्या. जिज्ञासा त्याच कॅसेटवरून धवले शिकली, आता गावच्या हळदींना गाते. रिद्धी नोकरीसाठी पुण्याला गेली, जाताना आपला मोबाइल आजीला देऊन. काशी रोज दुपारी गाणं ऐकते आणि संपलं की साइन आउट करते. रोज बाहेर कशाला पडतेस, आतच राहा ना, असं रिद्धी फोनवर सांगून थकली.

"आतच राहिले," काशी म्हणते, "तर मला 'या' कोण म्हणंल?"