चर बुजण्याआधी

"साहेब, पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणलाच आहे, तर डोक्यावरच्या विजेच्या तारा त्याच चरात का नाही पुरत?"

भर सभेत हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. पण विचारून झाल्यावरही केतकी बसायचं नाव घेत नव्हती. गेल्या विसर्जनात उंच मूर्तीसाठी बांबूने तारा उचलून धरताना बाबांना झटका बसला होता. यंदाही बांबू त्यांच्याकडेच होता.

नगरपालिकेचे साहेब हसायचे थांबले. "पोरी, खरा खर्च खोदाईचाच. पाइपपासून अंतर ठेवून तारा टाकल्या तर तो वाचेल. पण त्या तारा घरोघरी जोडायच्या पेटीला तुमच्या गल्लीत जागा कोण देतो? सोमवारी चर बुजणार."

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. केतकीचा हात वर गेला.

ती धावतच घरी पोचली. आई दारातल्या जास्वंदीला पाणी घालत होती, बाबा बांबूला रबर गुंडाळत होते.

"आई, ओरडू नकोस. जास्वंद मागे लावू, ती जागा मी पेटीला दिली. बाबा, उद्या जागेच्या कागदावर सही तुमची. आणि तो बांबू मांडवाला देऊन टाका."