मालोजीची माळ

सरकारनं दारूबंदी केली, तरी चिखलीच्या मालोजीची दारू काही सुटेना. वर "आपल्याला कुठं व्यसन हाय? मनात आलं की सोडू," हा तोरा होताच. शेवटी बायकोनं त्याला बखोटीला धरून गावातल्या बुवांकडं नेलं. बुवांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली.

आता गळ्यात माळ असताना पिणं म्हणजे पापच. म्हणून मालोजी इंद्रायणीकाठच्या हातभट्टीवर पोचला, की आधी माळ काढून तिथल्या खुंटीला अडकवायचा आणि मगच ग्लास तोंडाला लावायचा.

एके सकाळी बुवा स्वतःच त्याच्या दारात आले. इकडंतिकडं बघत त्यांनी उपरण्याआडून एक माळ काढली.

 

"मालोजी, काल खुंटीवरची माझी माळ तू घालून आलास. ही घे तुझी, आन चल, आपल्या दोघांसाठी दुसरा बुवा बघू."