जाळीचं विधेयक

सहा वर्षांत तिसऱ्यांदा सभापतींनी नाव पुकारलं आणि जेबेझ एन्टविसल कागद सावरत उठला. नेमकी जेवणाची वेळ. बाक भराभरा रिकामे झाले. पार्लमेंटात गिरणीवाल्याच्या विधेयकाला वाटाण्याच्या अक्षता ठरलेल्याच!

"मागाला जाळी नसली की सूत नेणारा टोकदार धोटा उडतो, महाशय! माणसाचा डोळा जातो!" तो गरजला.

"हळू बोला, इथे माग चालू नाहीत," समोरून कोणीतरी म्हणालं. उरलेसुरले सभासद हसले.

जेबेझला ते ऐकू आलं नाही, दिसलं. तरुणपणी मागावर त्याचे कान गेले होते. पण त्या खडखडाटात लँकशायरचे विणकर ओठांवरूनच बोलत, भांडत, लग्नंसुद्धा जुळवत. आता समोर मंत्रिमहाशय शेजाऱ्याकडे कलले. त्यांचेही ओठ त्याने वाचले. "बोलू दे त्याला. विधेयक कालच क्लबात गाडलंय."

जेबेझच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांचा आटापिटा, आणि निकाल क्लबात लागतो! त्याने वर प्रेक्षकांच्या सज्जाकडे पाहिलं. तिथे एबल केरशॉ बसला होता, कधीकाळचा त्याचा शेजारच्या मागावरचा सोबती. आज तो जेबेझच्याच गिरणीत विणकर होता आणि गेल्या हिवाळ्यात त्याचा डावा डोळा तिथेच गेला होता. कायदा होताना बघायला जेबेझने त्याला मुद्दाम आणलं होतं.

उरलेल्या डोळ्याने एबलनेही मंत्र्यांचे ओठ वाचले होते.

"चल घरी, जेबेझ," त्याचे ओठ हलले.

"कायदा करूनच येईन," जेबेझ आवाज न काढता म्हणाला.

"आपल्या गिरणीला कायदा कशाला लागतो रे? लाव की जाळ्या."

"मी एकट्यानेच लावल्या तर माझं कापड महागेल. बाकीचे मालक मला कच्चा खातील." हे उत्तर त्याच्याकडे कायम तयार असे. हिशेबाने ते खोटंही नव्हतं.

एबलने टोपी डोक्यावर चढवली. "सोमवारी मला त्याच मागावर उभं राहायचंय. डोळा एकच उरलाय, बाबा."

सभापती ताटकळले होते. जेबेझने कागदात डोकं घातलं. पुढची ओळ त्यानेच ठळक अक्षरांत लिहिली होती: "हे सभागृह आणखी किती डोळे जायची वाट पाहणार?"

ती काही केल्या त्याच्या तोंडून फुटेना.