माळाची जीप

लांबलचक पांढरी जीप पळत आली. खालच्या ओढ्यापासूनच सम्राटनं तिला वेग दिला होता. माळाच्या चढणीवर मुरूम उडवत, मागची चाकं जागच्या जागी फिरवत, एकदा पार तिरकी होऊन ती वर आली आणि थांबली. सम्राट उडी मारून उतरला.

"चढली का न्हाई, आप्पा?"

उत्तमराव गाडीच्या मागं गेले. आत पाण्याची दोन पिंपं उभी बांधलेली होती, तोंडावर गोणपाट. खाली विहिरीवर ती काठोकाठ भरताना ते स्वतः उभे होते. गोणपाट सारून त्यांनी हात आत घातला. कोपरापर्यंत गेला तेव्हा कुठं बोटांना पाणी लागलं. मागच्या फळीतून अजून ठिबकत होतं, आणि चढणीवर वरपासून खालपर्यंत ओला पट्टा उमटला होता.

"चढली," ते म्हणाले.

जुन्या गाड्या विकणारा रंगनाथ नगरहून दोन जीप घेऊन आला होता. एक ही, पांढरी, दहा माणसं बसतील अशी, आत टेप लावलेला. दुसरी आखूड, रंग उडालेली, पण चारही चाकांनी जोर लावणारी. मुलाचं मन पांढरीवर बसलं होतं. माळाचं काम उरकलं की शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर भाविकांच्या खेपा मारता येतील, असा त्याचा विचार. त्यात चूक तरी काय, असं उत्तमरावांनाही वाटत होतं. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, सारा जन्म पायी आणि एसटीनं काढला. गाडीतलं आपल्याला काय कळतं?

पण माळावर चारशे रोपं होती. सीताफळ, आवळा, थोडी चिंच. पाऊस अजून सहा आठवडे लांब होता, आणि तीन महिने डोक्यावर हंडे वाहून त्यांच्या बायकोची, कलाबाईंची, मान कालपासून वळत नव्हती. पिंपांत उरलेलं पाणी त्या कळशीनं काढून रोपांना घालत होत्या.

"आता ती," उत्तमराव म्हणाले.

"कशाला गुरुजी?" रंगनाथ म्हणाला. "ती डिझेल लई पिती. बसाय उठायला बी सोय न्हाई."

"पिंपं तिच्यात ठेवा. पुन्हा काठोकाठ भरा."

पिंपं हलवून विहिरीवर पुन्हा भरून झाली, तेव्हा रंगनाथनं स्वतः आखूड जीप ओढ्यापासून आणली. चढणीच्या पायथ्याला तो थांबला, मोठ्या गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा त्यानं ओढला, आणि गाडी गुरगुरत निघाली. निघाली म्हणजे सरकू लागली. चाक दगडावर चढायचं, थबकायचं, पलीकडं उतरायचं. मुरुमाचा खडा उडाला नाही.

सम्राट हसला. "आप्पा, हिच्या आधी आई हंडा घिऊन वर यील."

"आलेच की तीन महिने," कलाबाई म्हणाल्या.

गाडी वर आली. उत्तमरावांनी गोणपाट सारलं. बोटं आत गेली न गेली तोच ओली झाली. दुसऱ्या पिंपातही तसंच.

"ही घेऊ," ते म्हणाले.

"ही?" सम्राटचा आवाज चढला. "आप्पा, ह्या खटाऱ्यात बसून मी गावातनं हिंडू? लोकं काय म्हनतील?"

"माळासाठी घेतोय आपण."

"मग चालवनार कोन? मी तर हात लावनार न्हाई."

रंगनाथनं उगाच खाली ओढ्याकडं पाहिलं. उत्तमरावांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं. बघ बाबा, तुला पटेल ते कर. आजवर पुष्कळदा हे वाक्य बोलून ते मोकळे झाले होते. त्यांनी कलाबाईंकडं पाहिलं. त्या दोघांकडंही बघत नव्हत्या. एका हातानं मान धरून, रिकामी कळशी घेऊन पिंपाकडं येत होत्या. मान वळवता येईना म्हणून सगळं अंगच वळवत होत्या.

उत्तमरावांनी ते वाक्य गिळलं.

"मी शिकतो," ते म्हणाले.

"तुमी?"

"मी. रंगनाथ, क्लच कुठला?"

"डाव्या पायाखालचा. पन गुरुजी, ह्या वयात..."

"एकसष्ट आहे. बसा शेजारी."

वर माळ सपाट होता आणि रोपांच्या ओळी सरळ. पहिल्यांदा गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा पिंपातलं पाणी उसळून उत्तमरावांच्या पाठीवर आलं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. "हळू सोडा पाय, गुरुजी, हळू," रंगनाथ घाबरून म्हणत होता. तिसऱ्यांदा गाडी सरकली.

कलाबाईंनी पिंपात रबरी नळी सोडली, तोंडानं ओढून पाणी चालू केलं आणि त्या गाडीमागून चालू लागल्या. पाऊल उचलायची घाई नव्हती. गाडी बाईमाणसाच्या चालीपेक्षाही हळू चालली होती. एक आळं भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं. डोक्यावर काही नव्हतं. उत्तमराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, काचेला नाक लावल्यासारखे पुढं बघत होते.

सम्राट पांढऱ्या जीपला टेकून उभा होता. किल्ली बोटाभोवती फिरवत होता. सात-आठ रोपं झाली. ओळीच्या मध्यावर गाडी जराशी डावीकडं ओढली गेली. त्यानं किल्ली खिशात टाकली, पळत आला आणि आईच्या हातातली नळी घेतली.

"आप्पा, उजवीकडं घ्या," तो ओरडला. "रोप हाय चाकाम्होरं."