आडोसा

खेळातला करिष्माचा सैनिक भिंतीमागे पोचला होता. पाण्याच्या टाकीच्या पायरीवर तिला खेटून बसलेल्या आईनेही ते मोबाईलवर स्पष्ट पाहिलं. तरी पुण्याहून तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलाची गोळी त्याला लागलीच. सामना गेला आणि जिंकणाऱ्याला मिळणारी संघातली एकमेव रिकामी जागाही गेली.

करिष्माने सामन्याच्या पंचांना फोन लावला.

"ताई, तुमच्या मोबाईलवर तो आडोशाला होता, हे खरंय. पण तुमचं नेट मंद. तो पळाल्याचं आमच्या सर्व्हरला कळलं, तोवर गोळी लागून गेली होती."

"म्हणजे मंद नेटवाल्यानं मरायचंच?"

"त्या मुलालाही त्रास झालाच की. त्याला तुमचा सैनिक मध्येच गायब होताना दिसत होता."

"पण जिंकला तोच ना!"

पंच म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखाच आहे, ताई."

गावात रेंज होती ती फक्त या पायरीवर. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे व माय. पुढच्या बारीले जरा लवकर लपजो."

करिष्माने मान हलवली. या नेटवर समोरचा आपल्याला दिसतो, तोवर त्याने आपल्याला मारलेलं असतं, हे आईला कसं सांगावं ते तिला सुचेना.