दोरीवरचा फ्रॉक

लढाई सोडून बाकीचं सगळं रंगवायचं, एवढंच काम पलटणीत मला दिलं होतं: दाढ्या करणारे शिपाई, बटाटे सोलणारा आचारी, दोरीवर वाळणारे कपडे.

दोरीच्या पहिल्याच चित्रात गणवेशांच्या मधोमध एक पिवळा फ्रॉक दिसला, करंगळीच्या पेराएवढा. मी तो रंगवल्याचं आठवत नव्हतं. रंगवलाही असेन, माझा माझ्यावर फारसा भरवसा नाही.

"काय रे रंगाऱ्या, पलटणीत हा कोणाला बसायचा?" हवालदार हसले.

"माझ्या लेकीला. अजून पाहिली नाही तिला."

"मग राहू दे."

पुढे दर महिन्याला मी तीच दोरी रंगवली, फ्रॉक मुद्दाम वगळून. सकाळी तो चित्रात असायचाच, जवभर लांब झालेला. बायकोही लिहायची, पोरीला कपडे आखूड होताहेत. मी फ्रॉकला करंगळी लावून बघायचो आणि सुखावायचो.

मग आमच्या शहरावर बॉम्ब पडले. पत्रं थांबली.

त्या महिन्यातही मी दोरी रंगवली. सकाळी हवालदार माझ्याआधीच चित्रापाशी उभे होते, फ्रॉकवर बोट ठेवून.

"आलाय ना?" मी विचारलं.

"आलाय," ते म्हणाले, पण बोट काढेनात.

मी त्यांचा हात बाजूला केला आणि करंगळी लावली.

फ्रॉक मागच्या महिन्याएवढाच होता.