खांद्यावरचे दाजी

दाजी खांद्यावरून घसरले आणि मिठागराच्या बांधावर धपकन आपटले.

"मेला तुझा मानूस," ते डोळे मिटूनच म्हणाले. "आता हार आन."

शिवा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. वडिलांना खांद्यावर घेऊन पन्नास पावलं पळायचं, एवढंच काम. गेल्या महिन्यात तो चाळिसाव्या पावलावर थांबत होता. आज तिसाव्यालाच पाय लटपटले.

रोह्याच्या एका कंपनीत तो आग विझवणाऱ्या पथकात हंगामी होता. प्रमाणपत्र मिळालं तर कायम, नाहीतर घरी. ब्याण्णव साली तो लेखी परीक्षेतच आपटला. त्र्याण्णव साली लेखीत सुटला. पण बेशुद्ध माणसाला उचलून पळायच्या वेळी त्यानं तो माणूस साहेबांच्या पायाशीच पाडला. आता तिसरी खेप. चौथी मिळणार नव्हती.

"बाबा, तुमचं वजन वाढलंय."

"वाढंल नाय तर काय? तुझी आई वाढते, मी खातो."

पूर्वी उघड्या अंगानं येणारे दाजी हल्ली सदरा चढवून येत. "आगीत सापडलेला मानूस सायेब बी असंल," असं त्यांचं म्हणणं. एकदा का डोळे मिटले की अंग असं सैल सोडत, की पाहणाऱ्यानं खरंच तोंडावर पाणी मारावं.

संध्याकाळी चुलीपाशी लेखीचा अभ्यास चाले. त्याच्या आईनं, बायजाबाईनं, शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं; पण दोन वर्षं ऐकून ऐकून पुस्तक तिला पाठ झालं होतं.

"तेलानं पेट घेतला तर..." शिवा आठवू लागे.

"फेस मार, फेस. पानी मारलंस तर आग पसरंल," चुलीमागून उत्तर येई.

"आये, परीक्षेला तूच बस."

"बसले असते रे. पन तुझ्या बापाला कोन उचलील?"

त्यावर दाजी मोठ्यानं हसत आणि आणखी एक भाकरी मागून घेत. शिवाला ते हसणं लागे. म्हाताऱ्याला आपण मिठागरावरच हवे आहोत, कंपनीत नकोत, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मे महिन्याचं ऊन वाढत गेलं, तशी त्याची पावलं घटत गेली. तीस. सत्तावीस. चोवीस. घरी येईपर्यंत बंडीचा खांदा पांढरा झालेला असे. "घाम हाय, दुसरं काय," म्हणत बायजाबाई ती धुवायला घेई.

परीक्षेच्या आदल्या दिवशी विसाव्या पावलावर त्यानं दाजींना खाली ठेवलं.

"मी जात नाय उद्या."

"का?"

"घरचा म्हातारा उचलवत नाय, परका काय उचलणार? पुन्हा हसं होईल."

दाजींनी सदरा नीट खाली ओढला. मग म्हणाले, "जा तरी. नापास झालास तर मिठागर हायच की. ते काय कुठं पळून चाललंय?"

ते शब्द शिवाला झोंबले. त्या रागातच त्यानं सकाळी वडखळला एस.टी. पकडली.

लेखी पेपर बरा गेला. फेसाच्या प्रश्नाला तर आईचा आवाजच कानात आला. दुपारी मैदानात त्याच्यासमोर हैबतराव नावाचे पहारेकरी आडवे झाले. गेल्या वर्षी त्यानं पाडले होते, तेच. "या वेळी कंबर सांभाळा राव," ते हळूच म्हणाले.

शिवानं दात आवळले, त्यांना खांद्यावर घेतलं आणि धावत सुटला. वजन आता जाणवेल, मग जाणवेल, म्हणून वाट बघत राहिला. पन्नासाची रेघ केव्हा मागे पडली ते त्याला कळलंच नाही. साहेबांना शिट्टी वाजवून थांबवावं लागलं. लेखीचा निकालही त्यांनी तिथंच सांगितला.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन तो घरी आला. दाजी अंगणात उघड्या अंगानं जाळं शिवत बसले होते.

"पास झालो, बाबा!" तो ओरडला आणि रोजच्यासारखा सगळा जोर लावून त्यानं त्यांना उचललं. दाजी असे भुर्रकन वर गेले, की दोघं तोल जाऊन अंगणात कोलमडता कोलमडता वाचले.

"अरं हळू, लेका!" खांद्यावरून दाजी ओरडले. "आज कमरंला मिठाच्या पिशव्या नाय बांधल्या!"